लाटसाहेबाची गाडी

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन. बोलताना जे राहून गेलं, ते लिहिताना थोडं भरून काढलं आहे.)



कमिटीने मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे ‘माझा छंद’. माझ्यानंतर बी-विंगच्या मुलांचा नाच आहे आणि त्यानंतर जेवण, तेव्हा वेळेचं भान मला आहे. नसलं तर आमची मंडळी तिसऱ्या रांगेतून हात दाखवतीलच.

आधी एक कबुली. गेली दोन वर्षं दुपारी दोन ते चारच्या दरम्यान मीटर रूमशेजारच्या खोलीतून जो करवतीचा आणि कानशीचा आवाज येत होता, तो माझा होता. काही वहिनींनी त्याबद्दल कमिटीकडे तक्रार केली होती, ती रास्त होती. माझी नोकरी आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा ट्रेड शिकवण्यात गेली. रिटायर झालो तरी हातातला पक्कड सुटत नाही. आज त्या आवाजाचा हिशोब द्यायला उभा आहे. हिशोब तिकडे टेबलावर ठेवलाय, पांढऱ्या चादरीखाली. चादर शेवटी काढू.

हे सगळं सुरू झालं ते एका लाल शाईच्या प्रश्नामुळे. माझ्या नातीला शाळेत प्रकल्प होता, ‘माझ्या कुटुंबाचा इतिहास’. तिने आमच्या आबांना विचारलं. आबा म्हणजे माझे वडील, वय वर्षं ८६, तुम्ही सगळे त्यांना गेटजवळच्या बाकावर रोज सकाळी बघता. आबा इगतपुरीला रेल्वेत पॉइंट्समन होते. त्यांचे वडील, म्हणजे माझे आजोबा, कसाऱ्याच्या घाटात गँगमन होते, जीआयपी रेल्वेच्या काळात. आमच्या घरात एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. मी लहानपणापासून ऐकली, माझ्या मुलाने ऐकली. गोष्ट अशी, की हिंदुस्थानातली पहिली विजेची गाडी, लाटसाहेबाची गाडी, घाटात आली तेव्हा तिला हिरवा झेंडा आमच्या आजोबांनी दाखवला.

नातीने तेच लिहिलं. ‘माझ्या खापरपणजोबांनी भारतातल्या पहिल्या विजेच्या रेल्वेला झेंडा दाखवला.’ बाईंनी समासात लाल पेनाने दोनच शब्द लिहिले : ‘आधार काय?’

पोरगी वही घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, आजोबा, आधार काय? मी तीस वर्षं मुलांना शिकवलं, की टेस्टर लावल्याशिवाय तार मेलेली आहे असं म्हणायचं नाही. तिला आता काय सांगणार? म्हटलं, शोधू.

त्या वेळी पुढे काय वाढून ठेवलंय याची मला कल्पना नव्हती. वाटलं होतं, पंधरा दिवसांत तारीख मिळेल, तिच्या वहीत लिहून टाकू.

तारीख तर पहिल्याच आठवड्यात मिळाली. ३ फेब्रुवारी १९२५, मंगळवार. म्हणजे आपली सोसायटी पंचवीस वर्षांची झाली त्याच वर्षी भारतातली विजेची रेल्वे शंभर वर्षांची झाली, हा योग बघा. पण त्या तारखेबरोबर जागा पण आली, आणि तिथे माझी पंचाईत झाली. ती गाडी घाटात धावलेली नव्हतीच. ती धावली बोरीबंदरहून कुर्ल्याला, हार्बरच्या मार्गाने. सोळा किलोमीटरच्या आसपास. झेंडा दाखवला तो मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांनी. म्हणजे लाटसाहेब होते, हे खरं. पण ते बोरीबंदरला होते. कसारा तिथून किती लांब आहे, हे पंचवटीने अपडाऊन करणाऱ्या आपल्या मंडळींना मी सांगायला नको.

आबांना हे मी लगेच सांगितलं नाही. खरं सांगतो, धीर झाला नाही.

त्याऐवजी मी म्हटलं, आधी ती पहिली गाडी नक्की कशी होती ते नीट बघू. आणि बघायचं तर बनवूनच बघू. कागदावर वाचलेलं डोक्यात राहत नाही, हाताने केलेलं राहतं. आयटीआयची सवय.

ती गाडी चार डब्यांची होती. आणि बच्चेकंपनी, इथे नीट ऐका, कारण मोठ्यांनाही हे माहीत नसतं. भारतातल्या पहिल्या विजेच्या गाडीला इंजिनच नव्हतं. आज आपण जिला लोकल म्हणतो, तशीच होती ती. डब्याच्या खाली, चाकांच्या आसाला मोटरी. छपरावर पेंटोग्राफ. वरच्या तारेतून वीज घ्यायची, मोटरीतून फिरवायची आणि रुळांतून परत पाठवायची. पुढे ड्रायव्हर एक हँडल फिरवतो आणि गाडीतल्या सगळ्या मोटरी एकदम जोर लावतात. ही युक्ती फ्रँक स्प्रेग नावाच्या अमेरिकन इंजिनिअरची. १८९७ साली शिकागोच्या उंचावरच्या रेल्वेसाठी त्याने ती बसवली. ड्रायव्हरच्या हँडलमधून मोटरींची मोठी वीज जातच नाही. जाते ती फक्त हुकूम देणारी छोटी वीज, बारीक तारांमधून प्रत्येक मोटरडब्याकडे. हुकूम मिळाला की तो डबा आपापली मोठी वीज आपल्या छपरावरून घेतो. आपल्या घरात पंपाला स्टार्टर असतो ना, बटण बोटाने दाबतो आणि मोठा करंट आत पेटीतला कॉन्टॅक्टर झेलतो, तसंच.

यात फायदा काय? कोळशाच्या इंजिनाची गाडी टर्मिनसला पोचली, की इंजिन सोडा, फिरवा, पाणी घाला, दुसऱ्या टोकाला जोडा. विजेच्या गाडीत ड्रायव्हर फक्त या टोकाच्या केबिनमधून उतरून त्या टोकाच्या केबिनमध्ये जातो. शिवाय वजन ओढणारी चाकं एकाच इंजिनाची नाहीत, गाडीभर पसरलेली, त्यामुळे स्टेशन सोडल्याबरोबर वेग घेते. जिथे दर दोन मिनिटांनी स्टेशन आहे, तिथे याच्यासारखं सोयीचं काही नाही. आणि धूर नाही, ते वेगळंच.

आता ही गाडी आली कुठून? डबे आले इंग्लंडच्या कॅमेल लेअर्ड कंपनीकडून आणि जर्मनीच्या युरडिंगेनच्या कारखान्यातून. मग मी साहजिकच इंग्लंडकडे वळलो. म्हटलं, बनवणारा इंग्रज, तर नमुनाही इंग्रजी असणार. तिकडच्या जुन्या विजेच्या गाड्यांबद्दल जे मिळेल ते वाचत सुटलो. फार मजेशीर इतिहास आहे हो तो. १९०४ साली इंग्लंडमध्ये थोड्याच दिवसांच्या अंतराने दोन मार्ग विजेवर आले. एक न्यूकॅसलच्या बाजूला टाइन नदीच्या काठचा आणि दुसरा लिव्हरपूल ते साउथपोर्ट. कारण काय, तर ट्राम! विजेच्या ट्रामने रेल्वेचे पॅसेंजर पळवले होते. आपल्या भाषेत सांगायचं तर शेअर रिक्षा आली आणि एसटी रिकामी पडली. टाइनच्या त्या १९०४ च्या गाड्यांतला एक पार्सलचा मोटरडबा अजून तिकडच्या एका संग्रहालयात जपून ठेवलाय. आपल्याकडेही मुंबईत विजेची ट्राम आधी आली, १९०७ ला, आणि विजेची रेल्वे नंतर.

पण इंग्लंडमधल्या त्या दोन्ही मार्गांवर वीज वरच्या तारेतून नव्हती. रुळांच्या शेजारी तिसरा रूळ टाकलेला आणि त्यात वीज सोडलेली. लंडनच्या दक्षिणेला एका कंपनीने १९०९ मध्ये वरच्या तारेवर गाड्या चालवल्या, पण वीस वर्षांत त्या तारा काढून टाकल्या आणि तिथेही तिसरा रूळच आला. मला हे वाचून हसू आलं. जमिनीवर जिवंत रूळ, आणि पावसाळ्यातलं कुर्ला-शीव! रूळ ओलांडून भाजी आणायला जाणारी आपली माणसं! मुंबईत वर तार का घेतली याचं माझ्यापुरतं उत्तर मला तिथेच मिळालं.

आणि एक गोष्ट वाचून छाती जरा फुगली, ती सांगतो. मुंबईची वीज होती १५०० व्होल्ट डीसी, वरच्या तारेतून. इंग्लंडमध्ये या पद्धतीवर १९१५ पासून मालगाड्या चालत होत्या, कोळशाच्या. पण माणसांची, रोज ऑफिसला जाणाऱ्यांची उपनगरी गाडी तिकडे १५०० व्होल्टच्या तारेवर आली ती १९३१ मध्ये, मँचेस्टर ते आल्ट्रिंचम. म्हणजे आपल्यानंतर सहा वर्षांनी. कारखाना त्यांचा, पण ही गाडी आधी बसून बघितली बोरीबंदरच्या कारकुनांनी.

बरं, मी कुठे होतो? हां, मॉडेल.

पहिलं मॉडेल मी इंग्रजी डब्यांच्या नकाशावरून केलं. तिकडच्या छंदी लोकांचं एक माप ठरलेलं आहे, एका फुटाला चार मिलिमीटर. म्हणजे खऱ्याच्या शहात्तराव्या हिश्श्याएवढं. या मापाने बोरीबंदर ते कुर्ला अंतर २१० मीटर होतं, म्हणजे इथून मेन रोडवरच्या रिक्षा स्टँडपर्यंत जेमतेम. डबे केले सनबोर्डचे आणि तयार मिळणारे रूळ पार्सलने मागवले. डबा रुळावर ठेवला तर काहीतरी विचित्र दिसायला लागलं. मुंबईची गाडी वाटेचना. जाड माणूस लहान मुलाच्या सायकलवर बसल्यासारखं.

दोन दिवस कळेना. मग पट्टी घेतली. आपला ब्रॉडगेज पाच फूट सहा इंच. चार मिलिमीटरने गुणा, २२ मिलिमीटर. दुकानातला रूळ १६.५ मिलिमीटरचा. इंग्लंडचा स्वतःचा गेज चार फूट साडेआठ इंच, त्याच्यासाठीसुद्धा तो रूळ अरुंदच आहे. सुरुवातीच्या काळात मोटर लहान डब्यात मावेना, म्हणून तिकडच्यांनी डबे मोठे केले आणि रूळ तसाच ठेवला. ती चूक तिकडे शंभर वर्षं चाललीय आणि मी ती पार्सलने घोटीला मागवली होती!

शिवाय इंग्लंडमधले पूल आणि बोगदे अरुंद, म्हणून तिकडचे डबेही सडपातळ. आपला गेज मोठा, डबे रुंद. आजची मुंबईची लोकल तर बारा फूट रुंद आहे, आपल्या पंचवटीच्या डब्यापेक्षाही जास्त. इंग्रजाने बनवली म्हणून ती इंग्रजी दिसेल, हे माझं गृहीतच चुकीचं होतं. गाडी बनवणाऱ्यासारखी दिसत नाही, ज्या रुळावर चालायची त्या रुळासारखी दिसते.

तो पहिला डबा मी फेकणार होतो. तेवढ्यात आपल्या तालुक्याच्या पावसाने ते काम केलं. जुलै महिन्यात मीटर रूमच्या भिंतीला जी ओल येते, तिने सनबोर्ड असा पिळला की डब्याची केळ झाली. घोटीत भात पिकतो, मॉडेल पिकत नाही. दुसऱ्यांदा मी पितळी पत्रा आणि सागाच्या पट्ट्या घेतल्या. रूळ स्वतः केले, २२ मिलिमीटरचे.

तारेची गंमत वेगळीच. मी इलेक्ट्रिशियन, मला वाटलं, तार ओढणं हा माझ्या डाव्या हातचा मळ. रुळाच्या बरोब्बर मधोमध, सुतासारखी सरळ तार ओढली. आठवडाभर गाडी चालवली आणि बघतो तर पेंटोग्राफच्या पट्टीवर मधोमध खाच पडलेली. मग इगतपुरी स्टेशनवर जाऊन मान वर करून उभा राहिलो. आयुष्यभर ज्या तारेखालून गेलो, ती तार सरळ नसतेच! एका खांबाला थोडी डावीकडे, पुढच्या खांबाला थोडी उजवीकडे, अशी नागमोडी ओढलेली असते. म्हणजे पेंटोग्राफची पट्टी सगळीकडे सारखी घासते. उद्या स्टेशनवर गेलात तर बघा. माझ्या शेजारी एक पोलीसदादा येऊन उभे राहिले आणि तेही वर बघायला लागले. त्यांना वाटलं, काहीतरी अडकलंय.

या सगळ्यात वर्ष गेलं आणि आबांना मी अजून काही बोललो नव्हतो. ते रोज संध्याकाळी खोलीत येऊन खुर्चीवर बसायचे. बघायचे. एकदा म्हणाले, “हे काय करतोयस? ही तर लोकल आहे.”

म्हटलं, “हो आबा. पहिली विजेची गाडी.”

आबा म्हणाले, “छे! पहिल्या गाडीला खेकडा होता.”

मी हातातली कानस खाली ठेवली. म्हटलं, कोण म्हणालं? तर म्हणाले, “माझा बाप म्हणायचा. खेकडा आला, लाटसाहेबाचा खेकडा आला, आणि मी झेंडा दाखवला.”

आता खेकडा म्हणजे काय, हे इगतपुरीच्या रेल्वेतल्या जुन्या लोकांना विचारा. ते मालगाडीचं विजेचं इंजिन. पुढे आणि मागे दोन लांब सोंडा, मध्ये ड्रायव्हरची केबिन, आणि चाकांना जोडलेले दांडे कोळशाच्या इंजिनासारखे पुढेमागे होणारे. परदेशात त्या जातीच्या इंजिनांना मगर म्हणतात. आपल्या रेल्वेवाल्यांनी त्याला खेकडा केलं. घाटात, ओढ्याच्या काठी वाढलेल्या माणसाला मगर कुठून आठवणार, खेकडाच आठवणार. सुमारे २६०० अश्वशक्तीचं. एकूण ४१ आली. पहिली दहा स्वित्झर्लंडमध्ये बांधलेली, बाकीची इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीत. आबा पॉइंट्समन असताना ती रोज त्यांच्यासमोर उभी असायची. आबांनी मला त्याचा आवाज काढून दाखवला. उभं असलं तरी ते इंजिन कण्हायचं म्हणे. “हूंऽऽऽ हूंऽऽऽ, बाळंतीण म्हशीसारखं.” माझी नात खो खो हसत सुटली.

पण मी हसलो नाही, कारण मला त्याच क्षणी कळलं. खेकडे आले ते १९२८ च्या पुढे. घाटात तारा टाकून झाल्या १९२९-३० च्या सुमारास. त्याआधी घाटात विजेचं काही येणं शक्यच नव्हतं. १८६५ पासून त्या घाटात कोळशाच्या गाड्या धापा टाकत चढत होत्या. चढ किती, तर ३७ फूट पुढे जाल तेव्हा एक फूट वर. आजही मालगाड्यांना कसाऱ्याहून मागून ढकलायला बँकर इंजिनं लावतात, ती त्याच चढामुळे. म्हणजे आजोबांनी खेकड्याला झेंडा दाखवला असेल, तर तो १९२५ नंतर चार-पाच वर्षांनी. आणि बोरीबंदरची लोकल त्याच्या आधीच धावून गेलेली.

घाटातल्या माणसांना वाटायचं, आधी मोठं इंजिन आलं असेल आणि लोकल हे नंतरचं शहरी खूळ. मलाही तसंच वाटायचं. झालं होतं नेमकं उलटं.

त्या रात्री मी आबांना सगळं सांगितलं. तारखा सांगितल्या, कागद दाखवले. आबा ऐकत होते. शेवटी एवढंच म्हणाले, “म्हणजे माझा बाप खोटं बोलला.”

मी म्हटलं, तसं नाही हो आबा. पण ते उठले होते. दोन दिवस ते खोलीकडे फिरकले नाहीत. गेटजवळच्या बाकावरही बसले नाहीत. काही जणांनी मला विचारलंही, आबांची तब्येत बरी आहे ना म्हणून. मी नातीची वही बघत बसायचो. दोन शब्दांसाठी मी म्हाताऱ्याचं काय काढून घेतलं, असं वाटायचं. सूनबाई म्हणाली, बाबा, तुम्ही सांगितलंच नसतं तर काय बिघडलं असतं? तिला मी उत्तर देऊ शकलो नाही. आजही नाही.

तिसऱ्या दिवशी मी मुंबईला गेलो, वरळीला, नेहरू विज्ञान केंद्रात. तिथल्या आवारात एक खेकडा उभा करून ठेवलेला आहे. त्याच्या जातभाईंपैकी एक दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात पण आहे. टेप घेऊन गेलो होतो, मापं घ्यायला, पण बराच वेळ नुसता उभाच राहिलो. शाळेच्या सहलीची पोरं त्याच्यावर हात फिरवत होती. केवढं ते धूड! कोळशाच्या, धुराच्या इंजिनांत वाढलेला वीस-बावीस वर्षांचा गँगमन घाटात उभा आहे. धूर नाही, वाफ नाही, आणि हे धूड बोगद्यातून कण्हत बाहेर येतंय. त्याला कोणी सांगितलं असेल का, की पाच वर्षांपूर्वी बोरीबंदरला एक लोकल सुटली होती? आणि सांगितलं असतं तरी त्याला काय त्याचं!

आणि मग आणखी एक गोष्ट हाती लागली. या खेकड्यांपैकी एकाला नाव दिलेलं होतं. रेल्वेने गव्हर्नरांच्या सन्मानार्थ ते ठेवलं होतं. नाव होतं, सर लेस्ली विल्सन.

लाटसाहेबाचा खेकडा.

हे वाचलं तेव्हा खोलीत मी एकटाच होतो. मोठ्याने ओरडलो. वॉचमनकाका पळत आले, त्यांना वाटलं शॉक बसला.

पण थांबा. टेस्टर लावल्याशिवाय तार मेलेली म्हणायची नाही, तसंच जिवंत आहे असंही म्हणायचं नाही. आजोबांनी झेंडा दाखवला तो नेमका त्याच नावाच्या इंजिनाला, याचा माझ्याकडे कागद नाही. आजोबांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. कोणीतरी त्यांना सांगितलं असेल की हे लाटसाहेबाच्या नावाचं आहे. किंवा नसेलही. आबांना मी हे जसंच्या तसं सांगितलं. इतकं पक्कं, एवढं कच्चं.

आबा बराच वेळ गप्प होते. मग विचारलं, “घाटातून पहिला खेकडा गेला, तेव्हा गँगमनने झेंडा दाखवला असेल की नाही?”

म्हटलं, “कामावर होते, तर दाखवलाच असणार.”

“मग झालं तर,” म्हणाले. आणि लगेच, “तुझ्या त्या लोकलला आरसा लावलास का रे? ड्रायव्हरला मागचं दिसायला नको?” मी सांगितलं, फोटोत दिसत नाही, म्हणून लावला नाही. ते म्हणाले, “हं.” त्या ‘हं’चा अर्थ मला अजून लागलेला नाही.

दुसऱ्या दिवसापासून ते परत बाकावर बसायला लागले. ते तिथे कोणती गोष्ट सांगतात, जुनी की नवी, हे मी मुद्दाम ऐकायला गेलेलो नाही.

नातीच्या वहीत आम्ही काय लिहिलं, ते सांगतो. तिने स्वतःच लिहिलं : ‘भारतातली पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ ला मुंबईत धावली. माझे खापरपणजोबा तिथे नव्हते. ते कसाऱ्याच्या घाटात होते. तिथे विजेचं इंजिन आलं तेव्हा ते रुळांजवळ कामाला होते, असं माझे पणजोबा सांगतात.’ तोपर्यंत ती पुढच्या वर्गात गेली होती. तरी वही घेऊन बाईंकडे गेली. बाईंनी या वेळी समासात काही लिहिलं नाही, फक्त सही केली.

आता थोडं आपल्या घोटीबद्दल, कारण इथे एक गंमत आहे. त्या १५०० व्होल्टच्या तारा येऊन थांबल्या इगतपुरीला. पुढे, म्हणजे आपल्या डोक्यावर, काहीच नव्हतं. साठच्या दशकाच्या अखेरपर्यंत घोटीतून कोळशाच्या इंजिनानेच गाडी जायची. मग भुसावळकडून तारा आल्या, पण त्या २५ हजार व्होल्ट एसीच्या. एकाच स्टेशनात एका बाजूची वीज वेगळी आणि दुसऱ्या बाजूची वेगळी! मुंबईहून आलेलं इंजिन इगतपुरीला सुटायचं आणि दुसरं लागायचं. तुमच्यापैकी चाळिशीच्या पुढच्यांना तो लांबलचक थांबा आठवत असेल. आपण त्यात वडापाव खायचो आणि आबा पॉइंट बदलत असायचे. डीसीला तारा जाड लागतात, सबस्टेशनं जवळ जवळ लागतात, म्हणून हळूहळू सगळं एसीवर नेलं. शेवटी राहिली ती हार्बर लाइन. जिथे सुरुवात झाली, तिथेच एप्रिल २०१६ मध्ये शेवटची डीसी लोकल धावली. ९१ वर्षं.

मॉडेलबद्दल दोन सूचना आणि मग संपवतो. चेअरमनसाहेब घड्याळ बघताहेत.

पहिली, रंगाबद्दल. ए-विंगच्या ताईंनी मागच्या आठवड्यात बघितलं आणि म्हणाल्या, काका, एवढं केलंत आणि रंग का नाही दिलात? तुम्हाला राखाडी दिसेल तो रंग नाही, प्रायमर आहे. जुने फोटो काळे-पांढरे. मरून दिला असता तर छान दिसलं असतं, कोणाला कळलंही नसतं. पण आबांशी जे झालं त्यानंतर मला तो डबा हातात नाही धरवला. ज्या दिवशी रंगाचा आधार मिळेल, त्या दिवशी देईन.

दुसरी, टेबलाच्या डाव्या टोकाला सहा फुटांची एक वेगळी फळी आहे. तिचं एक टोक दुसऱ्यापेक्षा दोन इंच वर आहे. तो घाट आहे, ३७ ला एक. त्याच्यावर अजून काही नाही. खेकडा पुढच्या वर्षी. चाकांना जोडायचे दांडे करायचे आहेत आणि ते फार अवघड प्रकरण आहे, म्हणून दुपारी दोन ते चारचा आवाज अजून वर्षभर येईल. कमिटीची परवानगी मी आत्ताच, सर्वांसमक्ष मागून घेतो. पण फळीच्या कडेला, रुळाच्या बाजूला, एक इंचाहून थोडा लहान माणूस उभा केलाय. तो सगळ्यात आधी तयार झाला. आबांनी सांगितलं म्हणून. हातात झेंडा आहे, हिरवा. त्याला मात्र रंग दिलाय.

चला, चादर काढूया. नाती, तू ये इकडे, बटण तूच दाब. मुलांनो, गाडीला हात लावा, पण लाडूचे हात नकोत. आणि तेवढा तो वरचा पंखा बंद करा कोणीतरी, तार हलते.